नोकरीचे स्वयंचलित अर्ज : कुठे वापरावेत, कुठे वापरू नयेत

बडोद्यातील आपल्या अनेक मराठी घरांत सध्या एक प्रश्न निघतो. मुलगा बी.ई. झालेला असतो, मुलगी एम.कॉम. किंवा एम.सी.ए. झालेली असते, आणि नोकरीचे अर्ज भरता भरता दोघांचाही दिवस सरतो. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते : 'आमचे साधन घ्या, तुम्ही झोपलेले असताना ते तुमच्या नावाने शेकडो अर्ज करील.' दरमहा शुल्क भरून हे साधन घ्यावे का, असे मुले विचारतात आणि पालकांना काय सांगावे ते कळत नाही. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र दिली आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. अर्ज भरायला मदत करणारे साधन जरूर वापरावे. अर्ज पाठवण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये.

साधनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार माहिती भरून देणाऱ्या साधनांचा. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव एकदा नोंदवून ठेवला की प्रत्येक नव्या फॉर्ममध्ये तो आपोआप उतरतो. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये ही सोय थोड्या प्रमाणात असतेच. सिम्प्लिफायसारखी एक्स्टेन्शन्स तेच काम अधिक नीट करतात. शेवटचे 'सबमिट' बटण आपणच दाबायचे असते.

दुसरा प्रकार लिहून देणाऱ्या साधनांचा. चॅटजीपीटी किंवा जेमिनाय यांना जाहिरात आणि आपला रेझ्युमे दिला की ती अर्जासोबतचे पत्र किंवा प्रश्नांच्या उत्तरांचा कच्चा मसुदा करून देतात.

तिसरा प्रकार स्वतः अर्ज पाठवणाऱ्या साधनांचा. पद, शहर आणि पगार सांगितला की ही साधने जाहिराती शोधतात, प्रश्नांची उत्तरे देतात आणि आपल्याला न विचारता अर्ज रवाना करतात. लेझीअप्लाय हे त्यातले एक. २०२४ मध्ये एआयहॉक नावाचे मोफत, खुले साधनही बरेच गाजले. वाद आहे तो या तिसऱ्या प्रकाराचा.

अर्ज पोचल्यावर काय होते

मोठ्या कंपन्यांत अर्ज थेट माणसाच्या टेबलावर जात नाही. तो आधी 'एटीएस' नावाच्या नोंद-प्रणालीत जमा होतो. वर्कडे, ग्रीनहाऊस, झोहो रिक्रूट ही त्यातली काही नावे. ही प्रणाली रेझ्युमेतील मजकूर वाचून रकाने भरते आणि भरती करणारा अधिकारी त्यातून हव्या त्या शब्दांनी शोध घेतो. शोधात आपला रेझ्युमे वर आला नाही तर तो उघडलाच जात नाही.

याशिवाय काही 'चाळणीचे प्रश्न' असतात : अनुभव किती वर्षांचा, नोटीस पीरियड किती, पुण्याला यायची तयारी आहे का. येथे उत्तर बसले नाही तर अर्ज तिथेच बाजूला पडू शकतो. म्हणजे निवडीचा पहिला टप्पा या दोन गोष्टींवर अवलंबून असतो, पाठवलेल्या अर्जांच्या संख्येवर नाही.

नौकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ पासून चालू आहे. त्याचे 'रेझडेक्स' म्हणून रेझ्युमेंचे भांडार आहे आणि कंपन्या पैसे भरून त्यात स्वतः उमेदवार शोधतात. तेथे प्रोफाइल पूर्ण आणि ताजे असेल तर अर्ज न करताही फोन येतो. तेव्हा तेथे शंभर अर्ज करण्यापेक्षा प्रोफाइल नीट ठेवणे अधिक फायद्याचे.

संख्या वाढवून काय मिळते

'जास्त अर्ज, जास्त संधी' हे गणित वरवर बरोबर वाटते. पण तेच साधन सगळ्यांच्या हाती आले की प्रत्येक जागेसाठी अर्जांचा ढीग वाढतो आणि आपला वाटा होता तेथेच राहतो. लिंक्डइनवर मिनिटाला सरासरी ११,००० अर्ज येतात, अशी माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. इतके अर्ज वाचणे कोणालाच शक्य नाही. मग कंपन्या चाळणी अधिक कडक करतात, जाहिरात दोन दिवसांत बंद करतात किंवा ओळखीच्या माणसाने सुचवलेल्या उमेदवारांकडे वळतात. यात जास्त नुकसान होते ते पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या, मोठ्या शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या मुलांचे. गंमत अशी की साधनाची जाहिरात नेमकी त्यांच्याचसाठी केलेली असते.

लिंक्डइनच्या वापर-करारात अशा स्वयंचलित साधनांना मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे. नियम मोडल्यास खात्यावर निर्बंध येऊ शकतात. नोकरी शोधण्याच्या काळात तेच खाते बंद पडणे परवडणारे नाही.

चूक साधनाची, सही आपली

बहुतेक अर्जांच्या शेवटी एक वाक्य असते : 'वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' साधनाने अर्ज पाठवला तरी हे निवेदन उमेदवाराचेच धरले जाते. बँकेत कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका असे आम्ही ग्राहकांना सांगत असू. येथेही तेच लागू आहे.

चुका कुठे होतात ते पाहा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर नाव बहुधा आडनावापासून सुरू होते, मग स्वतःचे आणि शेवटी वडिलांचे. परदेशी बनावटीचे साधन पहिल्या शब्दाला 'फर्स्ट नेम' समजते आणि आडनाव नावाच्या रकान्यात टाकते. पगाराच्या रकान्यात कुठे लाखांत तर कुठे पूर्ण रुपयांत आकडा हवा असतो. ४.२ लिहायचे तेथे ४,२०,००० गेले की शोधाच्या निकषात तो अर्ज बसतच नाही. सीजीपीए आणि टक्के यांचीही अशीच गल्लत होते. सगळ्यांत धोक्याचे म्हणजे अनुभवाचे प्रश्न. 'एसएपीवर काम केले आहे का?' या प्रश्नाला काही साधने अर्ज पुढे सरकावा म्हणून 'हो' असे उत्तर देतात. मुलाखतीत ते उघडे पडते. तेथे निभावले तरी नेमणुकीनंतरच्या पडताळणीत कागद जुळत नाहीत, आणि मग प्रश्न चुकीचा न राहता सचोटीचा होतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. अनेक कंपन्यांत कर्मचारी आपल्या ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचवू शकतात. पण तो उमेदवार आधीच कंपनीच्या नोंदीत असेल तर काही ठिकाणी ठरावीक काळ ही शिफारस ग्राह्य धरत नाहीत. साधनाने परस्पर केलेला एक अर्ज अशा रीतीने मामेभावाची खरी मदत वाया घालवू शकतो. एकाच कंपनीत सहा वेगवेगळ्या पदांसाठी अर्ज गेले तर तेही तेथे एकाखाली एक दिसतात.

पैसे आणि माहिती

अशा बऱ्याच साधनांचे शुल्क डॉलरमध्ये असते. त्यावर कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे. वर्गणी दरमहा आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यावी लागते आणि ती परवानगी आपण रद्द करू शकतो. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये.

एक्स्टेन्शन बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची' परवानगी मागितली जाते. याचा अर्थ त्याच ब्राउझरमधील ई-मेल आणि नेट बँकिंगही तिच्या कक्षेत येते. अशा साधनासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल ठेवावे आणि बँकेचे काम त्यात करू नये.

खोट्या जाहिराती ओळखणे साधनाला जमेलच असे नाही. ते तेथेही रेझ्युमे पाठवते आणि फोन नंबर ठगांच्या हाती जातो. आधार, पॅन, जन्मतारीख रेझ्युमेत कधीही लिहू नये. नोकरीसाठी 'नोंदणी शुल्क' किंवा 'लॅपटॉपची अनामत' मागणारा ठगच समजावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

सरकारी आणि बँकांच्या जागा

येथे या साधनांना जागाच नाही. आयबीपीएसच्या अर्जात फोटो आणि सहीबरोबर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वहस्ताक्षरातील निवेदनही अपलोड करावे लागते. गुजरात सरकारच्या अनेक जागांचे अर्ज 'ओजस' या संकेतस्थळावर होतात. प्रवर्ग, जन्मतारीख किंवा नावाचे स्पेलिंग चुकले तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही कागदपत्र-पडताळणीत उमेदवारी जाऊ शकते. हे अर्ज स्वतः, प्रमाणपत्रे समोर ठेवून भरावेत.

मकरपुरा, सावली, हलोल या भागांतील लहान कारखान्यांपर्यंतही ही साधने सहसा पोचत नाहीत. तेथे भरती ओळखीने, कन्सल्टंटमार्फत किंवा थेट वॉक-इन मुलाखतीने होते. केंद्र सरकारचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तेथे उमेदवाराची नोंदणी मोफत होते.

मग उपयोग कोणाला?

उपयोग नाहीच असे नाही. ज्यांना हाताच्या दुखण्यामुळे किंवा कमी दृष्टीमुळे लांबलचक फॉर्म भरणे जड जाते, त्यांना माहिती भरून देणारे साधन हा मोठाच आधार आहे. नोकरी गेल्यावर एकाच प्रकारच्या पदासाठी अनेक आय.टी. कंपन्यांत अर्ज करणाऱ्यांचाही वेळ वाचतो, कारण वर्कडे वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीत नवे खाते उघडून तीच माहिती पुन्हा द्यावी लागते.

सुचवलेली पद्धत

१. एक मूळ रेझ्युमे साध्या मांडणीत तयार करावा. चौकटी, चित्रे, दोन स्तंभ टाळावेत. एटीएसला ते नीट वाचता येत नाहीत.

२. नाव, टक्केवारी, तारखा प्रमाणपत्रांप्रमाणे एका कागदावर लिहून साधनात एकदाच काळजीपूर्वक भराव्यात.

३. रोज चार-पाचच जाहिराती निवडाव्यात. एका अर्जाला पंधरा मिनिटे धरली तरी पाच अर्जांना सव्वा तास लागतो. उरलेला दिवस अभ्यासाला आणि ओळखीच्यांना फोन करायला मिळतो.

४. पत्राचा मसुदा साधनाकडून घ्यावा, पण त्यातले प्रत्येक वाक्य मुलाखतीत स्वतःच्या तोंडाने सांगता येईल असेच ठेवावे.

५. सबमिट करण्यापूर्वी पूर्ण फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचावा.

६. वहीत तारीख, कंपनी, पद, पाठवलेला रेझ्युमे आणि उत्तर अशा पाच रकान्यांची नोंद ठेवावी. फोन आला की आपण कुठे काय लिहिले होते ते लगेच सापडते.

७. तीस-चाळीस अर्जांनंतरही एकही फोन आला नाही तर अर्जांची संख्या वाढवू नये. रेझ्युमे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाला तरी दाखवावा. दोष बहुधा तेथे किंवा निवडलेल्या पदांत असतो.

पालकांना एक विनंती. 'आज किती अर्ज केलेस?' असे रोज विचारू नका. त्या प्रश्नानेच मुले संख्येच्या मागे लागतात आणि अशा साधनांना गिऱ्हाईक मिळते. त्याऐवजी 'आज कोणती जागा चांगली वाटली?' असे विचारा आणि त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली की पूर्ण ऐकून घ्या.