पेहराव आणि पुढारीपण

गासमध्ये राहून मी जवळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मागे एकदा प्राध्यापक-कक्षात विद्यार्थी-प्रतिनिधी कोण असावा याची चर्चा चालली होती. एका मुलाचे नाव निघताच एक सहकारी म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण पुढारी वाटत नाही. कपडे बघा त्याचे." अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी साऱ्या वर्गाचे अर्ज भरून देणारा, कार्यालयाच्या खिडकीशी तासन् तास भांडणारा हा मुलगा. पुढे चौदा एप्रिलला तोच मुलगा सूट घालून आला. तेव्हा तेच गृहस्थ हसून म्हणाले, "काय, आज साहेब झालास?" दोन्ही वेळा मी गप्प बसलो. घरातला पहिला पदवीधर मी. चुलतभावाचा शर्ट घालून मी महाविद्यालयाची पायरी चढलो होतो. तरीही गप्प बसलो, म्हणूनच हा लेख.

साधा कपडा घातला तर नेतृत्वाला अपात्र, चांगला घातला तर नकलाकार! हा न्याय आजचा नाही. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपण सहज वापरतो. पण हे दहा नूर कोणाला परवानगीने मिळत होते आणि कोणाला कायद्याने नाकारले होते, हे इतिहासाला विचारले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली आहेत. ही झाली जुनी गोष्ट, असे कोणी म्हणेल. १९२८ साली इंदूर संस्थानातील गावांत सवर्णांनी बलाई जातीला बजावले, की जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. 'जातिनिर्मूलना'च्या १९३६च्या भाषणात बाबासाहेबांनी हा दाखला दिला आहे. १९३० साली तामिळनाडूतील रामनाड भागात कल्लर जातीने आदिद्रविडांवर निर्बंध लादले. कोट नको, सदरा नको, गुडघ्याखाली वस्त्र नको, पायात वहाण नको, डोक्यावर छत्री नको. म्हणजे वस्त्र ही आवडीनिवडीची बाब नव्हती. माणूस दुरूनच ओळखता यावा, यासाठी त्याच्या अंगावर डकवलेली ती चिठ्ठी होती.

ही चिठ्ठी फाडण्याचे काम महाडला झाले. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची तुमची रीत आणि अंगावरचे जड दागिने तुमची अस्पृश्यता सांगतात, ते टाका. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आशय होता. काही विद्वानांना यात सवर्णांचे अनुकरण दिसते. मला त्यात स्वतःच्या देहावरचा स्वतःचा हक्क दिसतो.

बाबासाहेबांच्या सुटाचाही अर्थ इथेच आहे. गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला. तो त्यांनी निवडला होता, म्हणून तो त्याग ठरला. ज्यांच्या कंबरेला पिढ्यान् पिढ्या लंगोटीच होती, त्यांनी कशाचा त्याग करायचा? त्यांच्या नेत्याने कोट घातला, तर ती नक्कल नसते. ते नकार मोडणे असते. मात्र कोटाने जात झाकली जाते, असा भ्रम बाबासाहेबांना कधीच नव्हता. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते बडोद्यास नोकरीला गेले, तर कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. पदवी आड आली नाही, पोशाखही आला नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना त्यांनी शुभ्र धोतर नेसले. कोटाचेही त्यांनी दैवत होऊ दिले नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्यातले अनेक तरुण वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाशी जोडलेले. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव त्यांनी घेतले. त्या संघटनेचे काळे चामडी जाकीट आणि तिरकी टोपी जगभर गाजली होती. आपल्या पोरांनी नाव घेतले, गणवेश घेतला नाही. त्यांची ओळख त्यांच्या शब्दांत होती, आणि जिथे अत्याचार झाला तिथे जाऊन उभे राहण्यात होती.

याची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. आज आपल्यातही कडक इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला की पुढारीपण आले, असे मानणारे तरुण आहेत. गळ्यात निळा रुमाल टाकला की चळवळ झाली, असेही काहींना वाटते. निळ्या रुमालाचा मला अभिमान आहे. पण तो अंगावर घेणाऱ्याने वसतिगृहातल्या मुलीच्या तक्रारीच्या वेळी तोंड फिरवले, तर रुमाल त्याला वाचवू शकत नाही. वस्त्र अस्मिता सांगू शकते. चारित्र्याची साक्ष देणे त्याला जमत नाही.

याचे उत्तर आमच्याच मातीत सापडले आहे. गासच्या शेजारी सोपारा. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला तो १९५६ साली, दीक्षेच्याच वर्षी. त्या नवव्या लेखात अशोक सांगतो, की लोक नाना मंगल विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांबाबत संयम बाळगणे, हेच खरे मंगल. दिखाऊ विधी आणि आचरण यांतला हा फरक बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला. आपण तो प्राध्यापक-कक्षात विसरतो.

म्हणून शिक्षकमित्रांना विनंती आहे. मुलाचा शर्ट पाहण्याआधी तो कोणासाठी भांडला ते पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही काय घालावे हे कोणालाही ठरवू देऊ नका. सूट घाला, सदरा घाला, जीन्स घाला. पण शेवटच्या बाकावरच्या पोराने अडचणीत तुमचे नाव घेतले पाहिजे. पुढच्या बैठकीत त्या मुलाचे नाव मीच सुचवणार आहे. कपड्यांचा विषय निघालाच, तर या वेळी मी गप्प बसणार नाही.