दूध नाही, अंडं नाही, तरी कस्टर्ड आइस्क्रीम: त्यामागचा इतिहास

गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सोनईतल्या एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घाईघाईने दवाखान्यात घेऊन आल्या. मुलाचे ओठ सुजलेले, अंगभर पित्त उठलेलं, खाजवून खाजवून मान लाल झालेली. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आजी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "दोनच चमचे दिले हो डॉक्टर. वाढणारा म्हणाला, हे दुधाचं नाहीच, फ्रोजन डेझर्ट आहे. म्हणून दिलं."

श्वास मोकळा होता, त्यामुळे औषधांवर भागलं. तासाभराने मुलगा खेळायलाही लागला. जाताना त्याच्या आईने विचारलं, "मग याने आइस्क्रीम खायचंच नाही का? सगळी पोरं खातात, हा एकटा बघत बसतो." त्या प्रश्नाला मी तेव्हा घाईत उत्तर दिलं. आज जरा सविस्तर देतो, कारण ते उत्तर इतिहासात आधीच सापडलेलं आहे.

आधी त्या वाढणाऱ्याच्या वाक्याकडे येऊ, कारण ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते. आपल्याकडच्या नियमांनुसार 'आइस्क्रीम' म्हणायचं तर त्यातली चरबी दुधाचीच हवी. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पती तूप वापरलं, की त्या पदार्थाला 'फ्रोजन डेझर्ट' म्हणावं लागतं. २०१७ मध्ये यावरून दोन मोठ्या कंपन्यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला. पण तो वाद होता चरबीचा. फ्रोजन डेझर्टमध्ये दुधाची पावडर सहसा असतेच, आणि अ‍ॅलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची, चरबीची नव्हे. म्हणजे 'दुधाचं आइस्क्रीम नाही' हे खरं, आणि 'त्यात दूध नाही' हे खोटं. त्या मुलाच्या ओठांवर जे दिसलं, ते या दोन वाक्यांतल्या फरकामुळे.

आता कस्टर्डकडे वळू. पिवळी पावडर, दूध, साखर, वरून केळी-सफरचंदाच्या फोडी. आपल्याला हा पदार्थ इतका ओळखीचा आहे की तो आजारपणातून जन्मला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. इंग्लंडमध्ये कस्टर्ड म्हणजे दूध आणि अंड्याचा बलक मंद आचेवर घट्ट करणं. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषध-रसायन विक्रेते होते. त्यांच्या बायकोला अंडं सोसत नसे, आणि कस्टर्ड तर आवडत असे. १८३७ च्या सुमारास बर्ड यांनी अंड्याऐवजी मक्याचं पीठ वापरून कस्टर्ड घट्ट करायची युक्ती काढली. असं सांगतात की पाहुण्यांना ते चुकून वाढलं गेलं आणि सगळ्यांनाच आवडलं, तेव्हा कुठे त्याचा धंदा झाला. बाईंना यीस्टचाही त्रास होता, म्हणून पुढे १८४३ मध्ये याच गृहस्थांनी बेकिंग पावडरही तयार केली. घरातल्या एका माणसाचं पथ्य सांभाळताना माणूस किती लांब जाऊ शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे ही पावडर आली आणि रुळली, त्याचं एक कारण उघड आहे: बिनअंड्याचं असल्याने शाकाहारी घरांत ती चालली. १९५६ मध्ये पुण्यात 'वीकफील्ड' सुरू झाली आणि कस्टर्ड पावडरचा डबा मराठी स्वयंपाकघरात फडताळावर येऊन बसला. पण बर्ड यांनी अंडं काढलं, दूध तसंच ठेवलं. उरलेलं अर्धं काम आपल्या कोकणाने त्याच्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं.

आमच्या भागात शनिवार म्हटला की शिंगणापूरची गर्दी आणि तेल. कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूला, उलट शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे लोक होते. त्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्यांच्या धर्मनियमांत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाच्या जेवणात मटण असेल, तर त्यानंतरचं गोड दुधाचं करता येत नाही. मग त्यांनी काय केलं? शेजारीपाजारी जे करत होते तेच: नारळाचं दूध घेतलं. त्यांच्या नववर्षाला होणारा 'चिकाचा हलवा' म्हणजे भिजवलेल्या गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर ढवळत ढवळत शिजवून थापलेल्या वड्या. हल्ली बरेच जण चिकाऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रास वापरतात. पीठ, नारळाचं दूध, साखर, आच. वड्या पाडायच्या आधी थांबलात, तर हे बिनदुधाचं कस्टर्डच आहे. यांतले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले आणि हलवाही त्यांच्याबरोबर गेला.

कोकणातल्या हिंदू घरांतही हेच. गौरीच्या सणाला घावन-घाटलं करतात. त्यातलं घाटलं म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ, पिठाने दाट केलेलं. गोव्यात मणगणं करतात: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचं दूध. तिथे दाटपणा साबुदाण्याचा. यापैकी कुणीही 'डेअरी-फ्री' हा शब्द ऐकला नव्हता. नारळ दारात होता, इतकंच.

आपल्या देशावर गोष्ट वेगळी आहे. इथे दारात गाय. आपल्या तालुक्याच्या गावी, नेवाशाला, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं. तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, ताम्रपाषाण काळातल्या शेतकरी वस्तीचे अवशेष मिळाले, आणि त्यांत गुराढोरांची हाडंही होती. अलीकडच्या काळात उरुळीकांचनला १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था सुरू झाली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय तयार केली, आणि नगर जिल्हा दुधाचा जिल्हा झाला. अशा गावात "आमच्या मुलाला दूध चालत नाही" हे सांगणं म्हणजे जवळजवळ गुन्हा. आजी, मावशी, शेजारी, सगळे म्हणतात, "थोडं थोडं देत जा, सवय होईल."

इथे थांबून एक फरक नीट समजून घ्या. दूध न चालण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, न पचणं. लहानपणी ती पचवणारं लॅक्टेज हे विकर सगळ्यांच्या आतड्यात असतं. मोठेपणी बऱ्याच जणांमध्ये ते कमी होतं, आणि हा आजार नव्हे, हा निसर्गाचा मूळ नियमच आहे. मोठेपणीही ते टिकवून धरणारा जनुकीय बदल फिनलंडच्या संशोधकांना २००२ मध्ये सापडला. नंतर भारतातल्या अभ्यासात तोच बदल आपल्याकडेही मिळाला, वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे जावं तसा कमी. अशा माणसाला दूध पिऊन पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. पण जिवाला धोका नसतो. दही-ताक त्याला बऱ्यापैकी चालतं, कारण विरजणातले जिवाणू बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतात. "दूध नको, ताक द्या" म्हणणारे आपले आजोबा बहुधा याच गटातले.

दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅलर्जी. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणा दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. इथे दोन चमचेही पुरतात. 'थोडं थोडं देऊन सवय' घरी कधीही करू नका. ओठ-जीभ सुजणं, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या, मूल एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता जवळच्या रुग्णालयात जा. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. बरीच मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत किंवा त्यानंतर या अ‍ॅलर्जीतून बाहेर येतात. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासायचं असतं, पंगतीत नाही.

आणि शेळीचं दूध? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि त्यामागे गांधीजी असतात. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. ते त्यांचं व्रत होतं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू हा त्यांचा मुख्य आहार होता. तो त्यांना सोसला नाही, आमांशाने ते अंथरुणाला खिळले. पुढे मुंबईच्या डॉ. दलालांनी दूध घ्यायचा आग्रह धरला. शपथ गाईम्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाची नाही, हा मार्ग कस्तुरबांनी सुचवला. गांधीजींनी तो स्वीकारला, आणि व्रताचा आत्मा मोडला ही खंत आत्मकथेत लिहूनही ठेवली. म्हणजे त्यांचं शेळीचं दूध ही शपथेतली पळवाट होती, अ‍ॅलर्जीवरचा उपाय नव्हता. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचं दूधही बाधतं. (१९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाऊन पाहण्याचेही प्रयोग केले. आज सोयाबीनच्या भावावर चर्चा करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे ऐकून गंमत वाटेल.)

राहता राहिला बर्फ. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला. पाठोपाठ मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. त्यानंतर यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली असं सांगतात. आइस्क्रीमने सर्दी होते ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे! सर्दी विषाणूने होते. मेजवानीत माणसं जवळजवळ बसतात, एवढंच. १८४३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं. बाहेर बर्फ आणि खडेमीठ, आत फिरणारं डबडं. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. तेच लाकडी बादलीचं भांडं तुमच्यापैकी अनेकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीपाळीने फिरवलं असेल.

आता त्या मुलाच्या आईला दिलेली कृती. एका नारळाचं घट्ट दूध दोन वाट्या आणि त्याच चोथ्याचं पातळ दूध एक वाटी काढा. पातळ दुधातलं थोडं गार दूध बाजूला घेऊन त्यात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर गुठळ्या न होता कालवा. उरलेलं पातळ दूध अर्धी वाटी साखर घालून गरम करा, त्यात ही पेस्ट ओता आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत राहा. पिठातले कण साधारण ७० अंशांच्या आसपास फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून पुढे बर्फाचे खडे कमी होतात. दाट झालं की आच बंद करून मगच घट्ट दूध घाला, कारण उकळलं तर नारळाचं दूध फाटतं. काजू चालत असतील तर दहा-बारा भिजवून बारीक वाटून घाला, मऊपणा येतो. पूर्ण गार करून पसरट डब्यात फ्रीजरला ठेवा. तासा-दीड तासाने कडा गोठल्या की काढून मिक्सरमधून फिरवा, परत ठेवा, आणि हे दोनदा करा. नॅन्सीबाईंचं भांडं जे सतत फिरून करायचं, ते आपण तीन खेपांत करतो. इकडे नारळ महाग पडतो म्हणून शेंगदाण्याचं दूध वापरलं तरी जमतं. शेंगदाणे हलके भाजून, भिजवून, वाटून गाळा, आणि काळपट किंवा बुरशी आलेला दाणा आधीच वेचून टाका. मात्र ज्या मुलाला आधीच एक अ‍ॅलर्जी आहे, त्याला शेंगदाणा किंवा काजू पहिल्यांदा देण्याआधी विचारा.

पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. साध्या कस्टर्ड पावडरमध्ये मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. पण झटपट बनणाऱ्या काही प्रकारांत दुधाची पावडर असू शकते. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध हा अ‍ॅलर्जीचा घटक म्हणून वेगळा लिहावा लागतो. १०२ आणि ११० हे आकडे रंगांचे आहेत. ते नको असतील तर साधं कॉर्नफ्लॉवर आणि चिमूटभर हळद किंवा केशर वापरा.

हा पदार्थ खाऊ आहे, दुधाची जागा घेणारा नाही. नारळाच्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम फारच कमी, संपृक्त चरबी भरपूर. दूध बंद असलेल्या मुलाला नाचणी, तीळ, डाळी, चालत असेल तर अंडी-मासे रोजच्या जेवणात हवेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नारळाचं, शेंगदाण्याचं किंवा तांदळाचं 'दूध' कधीही देऊ नका. अशा बाळांसाठी खास पावडर मिळते, ती बालरोगतज्ज्ञ लिहून देतात. मधुमेह असणाऱ्यांनी 'बिनदुधाचं' म्हणजे 'बिनसाखरेचं' असं समजू नये.

त्या मुलाची आई पुढच्या खेपेला आली तेव्हा डब्यात थोडं घेऊन आली होती. बर्फाचे खडे जरा जास्त होते. मिक्सरमधून एकदाच फिरवलं म्हणाली. मी विचारलं, चमचा कुठला वापरला? कारण दुधाच्या आइस्क्रीममधला चमचा याच्यात बुडवला, तर सगळी मेहनत वाया. तिने पिशवीतून लाल दोरा बांधलेला एक चमचा काढून दाखवला. लग्नालाही आता तो चमचा आणि तो डबा बरोबर जातो.