वारशात आलेली बहीण



वाटणीचे भांडण आपल्याकडे कोणाला नवे नाही. बांधासाठी, विहिरीच्या पाण्यासाठी भावाने भावाला कचेरीची पायरी चढायला लावल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. पण वडिलांच्या मिळकतीत मुलीच्या वाट्याला तिचीच सावत्र भावंडे यावीत, ही गोष्ट मात्र ऐकणाऱ्याला खरी वाटणार नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत ती घडली, आणि तीही राजरोस, कायद्याला धरून.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन वेल्स. इंग्लंडात लँकेस्टर येथे १७१५ साली जन्मलेला हा माणूस व्हर्जिनियात येऊन वकील झाला. ब्रिस्टलच्या फॅरेल आणि जोन्स या पेढीची वसुली तो करी, तंबाखूचे मळे राखी आणि गुलामांच्या व्यापारातही त्याचा हात होता. १७४६ साली त्याने मार्था एप्स हिच्याशी लग्न केले. तिच्याबरोबर आंदण म्हणून जी माणसे आली, त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची एक लहान मुलगी होती. तिची आई आफ्रिकेतील व बाप इंग्रज जहाजाचा कप्तान, असे तिच्या घरात सांगत.

वेल्सने तीन लग्ने केली आणि तिन्ही बायका त्याच्या हयातीत वारल्या. त्यानंतर एलिझाबेथपासून त्याला सहा मुले झाली. ही हकीकत तिच्या नातवाने पुढे सांगितली आणि त्या मळ्यावरच्या दुसऱ्या एका जुन्या गुलामाच्या आठवणींतही ती आहे. ही सहा मुले बापाच्या नात्याने मुले ठरली नाहीत. व्हर्जिनियाने १६६२ सालीच कायदा करून ठेवला होता की मूल आईच्या स्थितीस जाईल. गाय ज्याची, वासरू त्याचे! पुरुषाचे पाप झाकावे आणि त्याच पापाने मळ्याची मजूरसंख्याही वाढावी, अशी सोय या एका कायद्याने झाली.

वेल्स मे १७७३ मध्ये वारला. त्याची थोरली मुलगी मार्था हिचे लग्न आदल्याच वर्षी थॉमस जेफरसनशी झाले होते. तिच्या वाट्यास सुमारे ११,००० एकर जमीन व १३५ गुलाम आले. त्या १३५ जणांत एलिझाबेथ होती, आणि तिची मुलेही होती. सर्वांत धाकटी सॅली त्याच वर्षी जन्मली होती. म्हणजे मार्थाला बापाकडून जमीन मिळाली आणि तान्ही बहीणही मिळाली. पण यादीत ती बहीण म्हणून नव्हती.

मग वाद कशाचा झाला? वाद झाला कर्जाचा. वेल्सने ब्रिस्टलच्या पेढीचे मोठे देणे ठेवले होते. तिघा जावयांनी ते फेडण्याआधीच मिळकत वाटून घेतली आणि सासऱ्याचे कर्ज स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतले. जेफरसनने निम्म्याहून अधिक जमीन विकली. पण स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलनाची किंमत उतरली आणि आलेला पैसा मातीमोल झाला. १७८३ च्या तहाने इंग्रज सावकारांची येणी कायम राहिली. अखेर १७९० साली हप्ते बांधून घ्यावे लागले. या व्यवहाराची पत्रे आणि रोखे आजही आहेत. कोणाचे किती देणे, कोणी किती टाळले, सारे त्यांत सापडते.

आमचा जन्म कामगारांच्या दाव्यांत गेला. त्यामुळे कोणतीही हिशेबवही उघडली की जमेच्या बाजूस कोणाची नावे वस्तू म्हणून लिहिली आहेत ते आम्ही आधी पाहतो. या भांडणात सावकाराला बाजू होती, जावयाला बाजू होती. ज्यांच्या घामावर हप्ते फिटायचे होते, त्यांना मात्र बाजू नव्हती.

मार्था १७८२ साली वारली. १७८७ साली चौदा वर्षांची सॅली जेफरसनच्या मुलीबरोबर पॅरिसला गेली. फ्रान्समध्ये तिला स्वातंत्र्य मागता आले असते. तिचा मुलगा मॅडिसन सांगतो की, आपली मुले एकविसाव्या वर्षी मुक्त होतील असे वचन घेऊनच ती परतली. वारसाहक्काच्या या साऱ्या कथेत गुलामाने केलेला करार तेवढाच, आणि तो तोंडी! पण तो पाळला गेला. तिची दोन मुले १८२२ मध्ये निघून गेली, उरलेल्या दोघांना जेफरसनच्या मृत्युपत्राने मुक्ती मिळाली.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला, तो एक लाखाहून अधिक डॉलरचे देणे ठेवून. जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. जो फॉसेट हा लोहार म्हणजे एलिझाबेथचा नातू. त्याला मृत्युपत्राने मुक्ती दिली होती. त्याची पत्नी एडिथ व मुले मात्र विकली गेली. स्वतः मुक्त होण्याची वाट पाहणाऱ्या त्या माणसाने आपला संसार बोलीवर चढलेला पाहिला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असा जाहीरनामा लिहिणाऱ्याचे देणे असे फिटत होते.

मॅडिसनने आपली हकीकत ओहायोतील एका वृत्तपत्रात १८७३ साली छापविली. लोकांनी ती शंभराहून अधिक वर्षे खोटी मानली. १९९८ साली रक्ताची तपासणी झाली आणि मॅडिसनच्या धाकट्या भावाचा वंश जेफरसन घराण्याशी जुळला. मग इतर कागद ताडून बहुतेक इतिहासकारांनी मॅडिसनचे म्हणणे मान्य केले.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. या दोघा समकालीनांची गाठ कधी पडली नाही. पण वारसा म्हणजे केवळ जमीनजुमला नव्हे, कोणाची साक्ष खरी मानायची याचा हक्कही पिढ्यान्‌पिढ्या वारशानेच चालतो, हे दोघांनीही ओळखले होते. आपल्या पूर्वजांची दप्तरे आपण उघडू, तेव्हा वाटणीपत्रावर सही कोणाची आहे ते जरूर पाहावे. पण वाटल्या गेलेल्यांची नावेही मोठ्याने वाचावीत.