क्लोरिन आणि ऊन

घरच्या पोहण्याच्या उघड्या तलावांत सकाळीं टाकलेला क्लोरिन उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत बहुतेक नाहींसा झालेला असतो. या गळतीचा सुगावा प्रथम लागला तो मात्र तलावावर नव्हे, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याच्या काचपात्रांत. स्वीडनच्या शेलेनें १७७४ सालीं शोधून काढलेला हा हिरवट पिवळा वायु त्यानें पाण्यांत विरघळवून उन्हांत ठेवला. बुडबुडे निघाले, ते प्राणवायूचे! तेव्हां प्राणवायु हा या वायूचाच घटक असला पाहिजे, असें अनुमान त्यानें १७८५ सालीं काढलें. डेव्हीनें १८१० सालीं क्लोरिन हें मूलद्रव्य ठरविलें आणि अनुमान कोसळलें. प्राणवायु पाण्यांतला होता. बुडबुडे मात्र खरेच होते. उन्हानें क्लोरिनचें निरुपयोगी क्लोराइड होत होतें.

१९१० च्या सुमारास अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावांत बंकरनें ब्लीचिंग पावडरनें जंतु मारून दाखविले. तो तलाव छपराखालचा. उन्हाची परीक्षा त्याला द्यावीच लागली नाहीं. उघड्यावर अतिनील किरण तासाभरांत निम्मा क्लोरिन फस्त करतात, शिवाय ऊन पाण्यांत शेवाळ वाढतें तें वेगळेंच.

१९५० नंतरच्या दशकांत सायन्युरिक आम्ल आलें. तें क्लोरिनला सैलसें धरून उन्हापासून वांचवितें. पण क्लोरिन खर्च होतो, आम्ल सांचत राहतें. मग चांचणींत क्लोरिन पुरेसा दिसतो, जंतु मात्र सावकाश मरतात. आणि मुलें तर पाण्यांत उतरलेलीं असतात! लिटरमागें १०० मिलिग्रॅमच्या पलीकडे आम्ल गेलें, कीं कांहीं पाणी काढून नवें भरावें लागतें. आम्ल नको असेल, तर क्लोरिन सूर्य मावळल्यावर टाकावा.