कापणीयंत्र आणि कारागीर

पोलादी पत्रा कापणे हे मूळचे जाळण्याचे काम. ज्योतीने लोखंड लाल करावयाचे, मग ऑक्सिजनचा झोत सोडून ते जाळीत पुढे न्यावयाचे. ही विद्या गॅस कटरच्या मनगटात असे. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील मात्र तिला दाद देत नाहीत, कारण त्यांच्यावर धरणारी ऑक्साइडची साय धातूपेक्षा उशिरा वितळते. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांनी विजेचा आर्क अरुंद नोझलमधून दामटला व १९५७ साली पेटंट मिळविले. २०,००० अंशांच्या घरातील ही प्लाझ्मा ज्योत धातू वितळवून उडवून देते.

कारागिराचा हात सुटला तो निराळ्याच वाटेने. १९५२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. त्यापूर्वीच जनरल इलेक्ट्रिकने दुसरी युक्ती सिद्ध केली होती : कसबी कामगाराची हालचाल फितीवर नोंदवावी आणि यंत्राकडून ती पुन्हा करवून घ्यावी. ती मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ साली मांडले की ही निवड केवळ तांत्रिक नव्हती. अंक लिहिणारे मेज कचेरीत राहते, आणि व्यवस्थापनाला तेच हवे होते. आम्हां संघटनेच्या माणसांना हे पटावयास फार पुरावा लागत नाही!

म्हणून आम्हांला पाबळचे मोल वाटते. चाकणच्या पूर्वेस असलेल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली, शाळा सुटलेल्या मुलांनी काम करीत शिकावे म्हणून, विज्ञान आश्रम काढला. तेथे २००२ साली त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेच्या साहाय्याने फॅब लॅब उभी राहिली. जेथून अंक कचेरीत गेले, तेथूनच पन्नास वर्षांनी ते खेड्यातील पोराच्या हाती आले.

आज संगणकाच्या आज्ञेने चालणारा प्लाझ्मा कटर घरीही जुळविता येतो. चौकट, रूळ, स्टेपर मोटरी, कंप्रेसर, बाजारातला टॉर्च आणि लिनक्ससीएनसीसारखी फुकट मिळणारी प्रणाली. अवघड आहे ते टॉर्चचे अंतर राखणे. पत्रा तापून उचलतो. अंतर वाढले की आर्कचे व्होल्टेज वाढते, आणि त्यावरून टॉर्च खालीवर करावा लागतो. आर्क पेटताना उठणारा विजेचा गोंधळ संगणकाला भ्रमिष्ट करतो, तेव्हा अर्थिंग चोख हवे.

पण धुराचे काय? स्टेनलेस कापताना निघणारे क्रोमियमचे विषारी रूप फुप्फुसात जाते, आणि घरात लेकरे असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या जागी १० कामगारांची मर्यादा धरली होती. पडवीतला एकटा कारागीर तेव्हाही तिच्याबाहेर होता आणि आजही कारखान्याच्या व्याख्येबाहेरच आहे. धूर ओढणारा पंखा त्याच्या मागणीपत्रकात पहिला घालावा, तर ते द्यावयाचे कोणाला? मालक तोच.