वरळीचे दगडी बेडूक

मुंबईचा इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें बिंबराजा, पोर्तुगीज आणि १६६१ सालच्या तहांत इंग्लंडच्या राजाला मिळालेलें आंदण हीं चित्रें उभीं राहतात. त्यापलीकडे कोणी जात नाहीं. परंतु गिरगांवच्या चौपाटीवर किंवा दादरच्या वाळूंत खेळणारें एखादें मूल निराळा दिसणारा दगड उचलून आणतें आणि “हें काय आहे?” म्हणून विचारतें, तेव्हां तें नकळत याहून फार जुन्या दप्तराचें पान उलगडीत असतें. वडील माणसें बहुधा “टाक तो” एवढेंच म्हणतात. हें उत्तर किती अपुरें आहे, हें वरळीच्या बेडकांच्या हकीकतीवरून वाचकांस कळून येईल.

मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत पसरलेल्या काळ्या फत्तराच्या रांगेखालीं चिखलाचा बनलेला, पापुद्रे सुटणारा एक दगडी थर आहे. या थरांत, वरळीच्या टेकडीपाशीं, चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सांपडले. १८४७ सालीं क्लार्क नांवाच्या इंजिनिअरानें मुंबईच्या परिसरांतील भूस्तरांविषयीं निबंध लिहिला, आणि त्याच वर्षीं लंडनच्या रिचर्ड ओवेननें या बेडकांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ मध्यें प्रचारांत आणणारा ओवेन तो हाच. राक्षसी सरड्यांना नांव देणाऱ्या या पंडितानें आमच्या वरळीकराला ‘राना पुसिल्ला’, म्हणजे चिमुकला बेडूक, असें नांव दिलें.

बेडूक सांपडला, यांत एवढें नवल काय, असें कोणी विचारील. नवल असें कीं मुंबईचें बेट हें ज्वालामुखींतून वाहिलेल्या रसाचें बनलेलें आहे. त्या तप्त रसांत कोणताच प्राणी जगत नाहीं. आणि समुद्राचें खारें पाणी तर बेडकांना मानवत नाहीं. तेव्हां रसाचा एक लोंढा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वीं येथें गोड्या पाण्याचीं तळीं साचलीं होतीं, त्यांत बेडूक नांदत होते, एवढा सगळा वृत्तान्त हा बोटभर सांगाडा सांगतो. ही गोष्ट सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वींची. १८५२ मध्यें मुंबईंतील सर्जन कार्टर यानें बेटाच्या भूस्तरांवर विस्तृत निबंध लिहिला. त्यांत याच थरांतील एका कांसवाचें वर्णन असून त्याला डॉक्टर लीथ यांचें नांव दिलेलें आहे. पुढें त्या कांसवाच्या जातिकुलाला कार्टरचेंच नांव मिळालें.

परंतु ओळख पटणें हें एका दिवसाचें काम नव्हे. ओवेननें ज्याला आजच्या साध्या बेडकांच्या पंगतींत बसविलें, त्याला १८६९ मध्यें स्टॉलिच्कानें दुसऱ्या कुलांत नेलें. आणि १९३० सालीं न्यूयॉर्कच्या नोबलनें त्याच्यासाठीं ‘इंडोबॅट्राकस’ हें स्वतंत्र कुल निर्माण केलें. दगड तोच, त्याला वाचणारे डोळे मात्र अधिक तयार होत गेले. कांसवाचेंहि तसेंच. मान आडवी वळवून कवचाखालीं घेणाऱ्या कांसवांच्या गणांतला तो निघाला, आणि त्याचे जवळचे आप्त आज आफ्रिका, मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथें राहतात. आपली भूमि एके काळीं त्या खंडांना जोडलेली होती, या सिद्धांताशीं वरळीच्या कांसवाची साक्ष जुळते.

ही साक्ष ग्राह्य ठरली ती दगड कोणत्या थरांत मिळाला, हें लिहून ठेवलें होतें म्हणून. याचें दुसरें उदाहरण शहराच्या पूर्व किनाऱ्यावरचें आहे. १८८० सालीं खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकचें खोदकाम चालूं असतां भरतीच्या पाण्याच्या बऱ्याच खालीं ३८२ झाडें आढळलीं. तीं दगड झालेलीं नव्हतीं. लांकूडच होतें, बहुतेक खैराचें. सुटा ओंडका कोणीहि जळणांत टाकला असता. पण त्यांपैकीं २२३ झाडें जागच्या जागीं उभीं आहेत, हें इंजिनिअरांनीं मोजून ठेवलें, आणि म्हणून तेथली जमीन खचली आहे, हें सिद्ध झालें.

आतां चौपाटीवरच्या दगडाकडे वळूं. जड, काळा, गुळगुळीत गोटा बहुधा या बेटाचाच फत्तर असतो. त्यांतील पांढरा ठिपका कांचेवर ओरखडा काढीत असेल तर ती गारगोटीची जात. चाकूनें सहज खरवडला जात असेल आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकतांच बुडबुडे येत असतील तर तो चुन्याचा स्फटिक समजावा. शिंपल्याच्या भुकटीलाहि असेच बुडबुडे येतात. भोंकें पडलेला, कांचेसारखा चकाकणारा तुकडा पुष्कळदां भट्टींत वितळून थिजलेला कचरा असतो, आणि तांबडा गोटा म्हणजे लाटांनीं घांसलेली वीट. पापुद्रे सुटणाऱ्या काळसर दगडांत हाडासारखी रेघ दिसली तर मात्र तो फोडूं नये. कागदांत गुंडाळून, जागा व तारीख लिहून, भूशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांत दाखवावा.

ही जागा लिहिण्याची गरज मुंबईंत इतर ठिकाणांपेक्षां अधिक आहे. १७८४ च्या सुमारास वरळीची खाडी बांध घालून अडविली, तेव्हांपासून हें शहर समुद्रांत भर टाकीत आलें आहे. मार्च २०२४ मध्यें ज्याचा पहिला भाग खुला झाला, त्या किनारी रस्त्यानें मरीन ड्राइव्ह ते वरळीपर्यंतचा किनारा पुन्हां बदलला. भरावांतील दगड कोठल्या खाणींतला हें तो स्वतः सांगत नाहीं. बेडकांच्या थरावर तर आज इमारती व रस्ते आहेत. तो पुन्हां उघडा पडला तर एखाद्या पायाच्या खड्ड्यांतच पडेल, आणि चार दिवसांत कॉंक्रीटखालीं जाईल. त्या चार दिवसांत तेथून जाणाऱ्यांपैकीं एकाला तरी थांबून पाहण्याची आणि पाहिलेलें टिपून ठेवण्याची संवय असली पाहिजे. ती संवय लहानपणींच लागते. म्हणून मुलानें आणलेला दगड टाकावयास सांगण्यापूर्वीं तो कोठें मिळाला, एवढें तरी वडील माणसांनीं विचारावें.