कर्जबाजारी गावाची मतमोजणी

विधान परिषदेच्या निवडणुकीत बातम्यांत ऐकता ना, 'पहिल्या पसंतीची मतं', 'कोटा पूर्ण झाला'? आज याच पद्धतीची गोष्ट. आयर्लंडमधली, आणि तीही एका कर्जबाजारी नगरपालिकेची.

स्लायगो हे आयर्लंडच्या वायव्येचं बंदराचं गाव. 1918 पर्यंत पालिका कर्जात बुडाली होती. कर वाढवायचा तर तो जड जाणार व्यापाऱ्यांना. त्यातले बरेच प्रॉटेस्टंट, गाव मात्र बहुतांशी कॅथलिक, त्यामुळे सभागृहात त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. कर आमचा, मग आवाज का नाही, असा त्यांचा सवाल. मार्ग निघाला तो असा: मतदारानं उमेदवारांपुढे 1, 2, 3 आकडे टाकायचे. कोटा भरला की जादाची मतं पुढच्या पसंतीला. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं पुढे. म्हणजे लहान गटालाही त्याच्या ताकदीइतक्या जागा. यासाठी लंडनच्या संसदेनं खास कायदा केला.

15 जानेवारी 1919, मतदान. महिन्याभरापूर्वीच स्वातंत्र्यवादी शिन फेननं संसदेच्या आयर्लंडमधल्या 105 पैकी 73 जागा मारल्या होत्या. इथं मात्र 24 पैकी करदात्यांची संघटना 8, शिन फेन 7, मजूर पक्ष 5, अपक्ष 4. ब्रिटिश सरकारला वाटलं, शिन फेनला लगाम सापडला! लगेच हीच पद्धत सगळ्या आयर्लंडला लागू. गंमत बघा, शिन फेनचा आर्थर ग्रिफिथ तर आधीपासूनच हिच्या बाजूचा होता.

आता चला डेरीला. (दुधाची नव्हे, उत्तरेतलं शहर.) इथं कॅथलिक जास्त, पण वॉर्डांच्या रेघा अशा मारलेल्या की सत्ता कायम ब्रिटनवादी युनियनिस्टांची. जानेवारी 1920 मध्ये पसंतीची मतं मोजली आणि युनियनिस्ट 19, बाकीचे 21! ह्यू ओ'डोहर्टी महापौर झाले. 1688 नंतरचे पहिले कॅथलिक महापौर.

पण हे फार टिकलं नाही. देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतल्या नव्या युनियनिस्ट सरकारनं 1922 मध्ये पालिकांसाठी ही पद्धतच रद्द केली. वॉर्ड पुन्हा आखले. डेरी परत युनियनिस्टांच्या हातात, ती थेट 1960 च्या दशकाच्या अखेरपर्यंत. ऑक्टोबर 1968 मध्ये याच शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. मोर्चाच्या मागण्यांत घरं, नोकऱ्या होत्याच, आणि पालिकेचं मतही होतं. उत्तरेतल्या पालिकांच्या मतपत्रिकांवर 1, 2, 3 परत आले ते 1973 ला.